सहा अंशांचा फरक

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझे केस पाठीवर मोकळे सुटले होते. हे वाचून कुणाला काही गोड वाटत असेल तर जरा थांबा. मी संस्थेच्या तळघरातल्या मॅग्नेटच्या खोलीत तीन पावलं आत गेले, आणि माझ्या अंबाड्यातली स्टीलची पिन आपणहून निघाली. कानाजवळून सूं करत गेली आणि खोलीच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या पिंपाच्या पोटाखाली जाऊन चिकटली. मी हातातला नळ्यांचा डबा छातीशी धरून तशीच उभी राहिले. पिंपाच्या मागून एक शांत आवाज आला.

"जमिनीवर पिवळी पट्टी मारलीय. ती शोभेसाठी नाहीये."

मग आवाजाचा मालक बाहेर आला. चारचौघांत सहज हरवेल असा चेहरा, आणि खांद्यावर टाकलेले निळे, भलेमोठे हातमोजे.

"घड्याळ?" त्याने विचारलं.

"काढून ठेवलंय."

"फोन?"

"बाहेर आहे."

"मग डोक्यावर काय घेऊन आलात?"

"पिन."

"पिन," तो म्हणाला, आणि त्याने एक सुस्कारा सोडला. "दोन आठवडे दुरुस्तीसाठी बंद होतं हे. आज सकाळी कुठे तोंड उघडलंय."

खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. त्या दिवसांत मला कशानेही रडू यायचं, पिन हे तर चांगलं सबळ कारण होतं. पण तो माझ्याकडे न बघता जमिनीवर उताणा झोपला, लाकडी पट्टीला चिकटपट्टी गुंडाळली आणि पिंपाखाली सरकला. अर्धा तास मला त्याचे फक्त बूट दिसत होते. बूट बोलत होते.

"पीएचडीचं कितवं वर्ष?"

"पाचवं."

"मग बरोबर. पहिल्या वर्षाची मंडळी तीनदा खिसे चाचपून येतात. पाचवीतल्यांना कशाची भीतीच उरलेली नसते."

मला हसू आलं. किती महिन्यांनी आलं ते आठवेना. पिन हातात देताना तो म्हणाला, "घ्या. केस बांधा... किंवा नका बांधू. इथे तसंही कोणी येत नाही." आणि लगेच कान लाल करून संगणकाकडे वळला.

त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी 'पाचवी' झाले. त्याला सगळी इमारत 'हेलियम' म्हणायची. मॅग्नेटला द्रव हेलियम तोच भरायचा हे एक, आणि हेलियमसारखाच तो कुणात मिसळायचा नाही हे दुसरं.

माझं काम काय, हे मला वहिनीला दर महिन्याला नव्याने सांगावं लागायचं. मी दादा-वहिनीकडे राहायचे. दोन खोल्यांतली एक माझी होती, आणि वहिनीला दिवस गेल्यापासून ती खोली बाळाची व्हायची आहे हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. माझी शिष्यवृत्तीही त्याच सुमाराला संपणार होती. तेव्हा वहिनीने विचारलं, "नक्की करतेस काय गं तू?" की मी जीव तोडून सांगायचे.

प्रथिन म्हणजे एक लांब माळ. ती स्वतःभोवती गुंडाळते आणि तिचा एक ठरावीक आकार होतो. बाकीचे लोक आकार शोधतात. मी ते हलतं किती, ते शोधते. प्रथिन पाण्यात विरघळवून काचेच्या बारीक नळीत भरायचं आणि नळी मॅग्नेटच्या पोटात सोडायची. आतला अणू न् अणू मग एका दिशेला तोंड करून उभा राहतो. रेडिओलहरींचा हलका धक्का द्यायचा आणि कान लावून बसायचं. धक्का लागलेला अणू थरथरतो आणि हळूहळू पुन्हा जागेवर येतो. कुणी लवकर येतो, कुणाला वेळ लागतो. त्यावरून कळतं, माळेचा कुठला भाग ताठ आहे आणि कुठला सैल.

"म्हणजे कोण किती वेळात विसरतं, ते मोजायचं," वहिनी एकदा म्हणाली होती. माझ्या गाइडनी, म्हणजे आमच्या मॅडमनी, हेच समजवायला मला एक वर्ष घेतलं होतं.

माझ्या प्रथिनाला एक झाकण होतं. माळेचंच एक सैल वळण, ते सेकंदाला साधारण नऊशे वेळा उघडायचं आणि मिटायचं. एवढं मोजायला माझी चार वर्षं गेली होती. आता औषधाचा एक लहानसा रेणू आत बसवल्यावर झाकणाचं काय होतं ते बघायचं होतं. ते शांत होणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीही धरलं होतं. आधीची मापं मी रात्रपाळीला, खोलीत कुणी नसताना घेतली होती. ही शेवटची घ्यायला मी दिवसा तळघरात जायला लागले, आणि तिथे तो होता.

प्रेमात पडायला पाऊस लागतो, भिजलेली ओढणी लागते म्हणे. आमच्याकडे नायट्रोजनचं धुकं होतं. दर मंगळवारी सकाळी दहाला तो मॅग्नेटला द्रव नायट्रोजन पाजायचा. पिंपाच्या डोक्यावरून पांढरं धुकं ओघळून फरशीवर पसरायचं, घोट्यापर्यंत यायचं. मी मंगळवारी सकाळी काहीतरी काम काढून खाली जायला लागले. माझ्या कामाला मंगळवारची काही गरज नव्हती.

"तुमच्या झाकणाला एवढी घाई कसली असते?" तो विचारायचा.

"कामच आहे त्याचं. उघडायचं, मिटायचं."

"सेकंदाला नऊशे वेळा? दमत नाही?"

"ते माझ्यासारखं नाहीये."

"तुम्ही किती वेळा उघडता?"

"मी मिटलेलीच असते."

"दिसतंय," तो नळीतल्या द्रवाकडे बघत म्हणाला. "पण मधूनमधून फट पडते."

चेहरा दिसू नये म्हणून मी खाली वाकून धुकं बघत राहिले.

एकदा त्याने कुठूनतरी एक जुना स्पीकर आणून माझ्या प्रथिनाच्या संकेताला जोडला. म्हणाला, "पाच वर्षं नुसत्या रेषा बघताय, एकदा ऐका तरी." पत्र्यावर वाळू सांडावी तसा एक बारीक आवाज आला आणि विरून गेला. पुन्हा आला, पुन्हा विरला. काही म्हणजे काही सुरेल नव्हतं त्यात. पण त्या खोलीत, त्याच्या कोपराला माझं कोपर जेमतेम लागलेलं असताना, मी तो तीस-चाळीस वेळा ऐकला. त्यानेही एकदाही बंद केला नाही.

औषधासकटची मापं पूर्ण व्हायला दोन महिने लागले. मग एका दुपारी आकडे आले. झाकण शांत झालं नव्हतं. नऊशेवरून सतराशेवर गेलं होतं.

मी आकडे तीनदा तपासले. मॅडमनी पाच वेळा तपासले. औषध हातात आल्यावर झाकण मिटून स्वस्थ बसण्याऐवजी दुप्पट तडफडत होतं, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर वेगळंच निघालं." पाच वर्षांत त्या मला 'अगं' म्हणाल्याचं हे पहिलंच. मी जिना उतरून तळघरात पळाले. घरी फोन नंतर केला.

तो हेलियमची पातळी बघत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. त्याने हातातली वही खाली ठेवली. निळे हातमोजे त्याच्या हातात होतेच, ते तसेच ठेवून त्याने माझे दोन्ही हात धरले. बोटभर जाडीच्या हातमोज्यांतून धरलेला हात काय कळणार? पण कळला.

"मग आता तुला सोडून जायला हरकत नाही," तो म्हणाला.

"कुणाला?"

"तुझ्या झाकणाला. काम झालं ना त्याचं."

'तुम्ही'चं 'तू' झालं ते असं, झाकणाच्या आडून.

त्यानंतरचे काही महिने बरे गेले. बरे म्हणजे माझ्या मापाने. आईचा फोन आला की "संपलं का गं?" ला माझ्याकडे पहिल्यांदा उत्तर होतं. पेपर लिहून पाठवला. हेलियमबरोबर संस्थेच्या मागच्या रस्त्याने बस थांब्यापर्यंत चालत जाणं रोजचं झालं. दहा मिनिटांच्या त्या रस्त्याला आम्ही पाऊण तास लावायचो. तो फार बोलायचा नाही. कसा आहेस विचारलं की "ठीक" म्हणायचा, आई कशी आहे विचारलं की "ठीक", जेवलास का विचारलं की तेही "ठीक". मी त्याची नक्कल करायचे आणि तो खांद्याने मला हलकेच ढकलायचा. मग पेपर स्वीकारल्याची बातमी आली, मी पुन्हा जिना उतरून पळाले, आणि त्या दिवशी तो मला जरा गप्प वाटला. मला वाटलं, मी आता जाणार म्हणून त्याच्या पोटात तुटत असेल. सुखात असलं की माणूस दुसऱ्याच्या गप्प बसण्याचाही आपल्याला सोयीचा अर्थ लावतो.

त्यानंतर वरच्या मजल्यावरून निर्णय आला. द्रव हेलियम मिळेनासं झालं होतं, आणि मिळालं तरी ते एवढ्या जुन्या मॅग्नेटवर घालायचं नाही असं ठरलं होतं. येत्या शुक्रवारी मॅग्नेट उतरवायचं, म्हणजे कायमचं बंद करायचं. त्याच्याबरोबर माझ्या हेलियमची नोकरीही जाणार होती. दूरच्या एका शहरातल्या संस्थेत त्याला बोलावणं आलं होतं.

सोमवारी त्याचा निरोप आला. 'दुपारी खाली ये. काहीतरी सांगायचंय.'

काय सांगणार ते मला माहीत होतं. इतकं माहीत होतं की मी सकाळी इस्त्रीचे कपडे घातले, आणि वहिनीने नुसतं "अच्छा" म्हटलं तर तिच्यावर उगाच चिडले. बसमध्ये मी माझं उत्तर मनातल्या मनात म्हणून बघितलं. छोटं होतं. त्यात नव्या शहराचं नावही होतं.

तो स्टुलावर बसला होता. मांडीवर खोलीचं रजिस्टर होतं.

"बस," तो म्हणाला.

"उभीच बरी आहे. बोल."

"प्रोब दुरुस्त होऊन आला की..." प्रोब म्हणजे मॅग्नेटच्या पोटातला तो भाग, जिथे नळी बसते. "दुरुस्त होऊन आला की तापमान तपासायचं असतं. मिथेनॉलची नळी आत सोडायची. दोन रेषा येतात. त्यांच्यातलं अंतर मोजलं की आत खरं किती तापमान आहे ते कळतं. पडद्यावर काही का दिसेना."

"माहितीये मला हे," मी म्हणाले. मला अजूनही वाटत होतं, हा लाजतोय. लाजून यंत्राचं काहीतरी बोलतोय.

"त्या दिवशी मी ते केलं नाही."

"कुठल्या दिवशी?"

"पिन काढली त्या दिवशी. अर्धा तास त्यात गेला, मग तू बोलत बसलीस... मी बोलत बसलो. तुझी वेळ सुरू होत होती. मी रजिस्टरमध्ये मागच्या वेळचा आकडा लिहिला आणि सही केली. वाटलं, पुढच्या आठवड्यात करू. मग राहूनच गेलं."

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मला कधी पटलं नव्हतं. जमीन जागच्या जागीच होती. फक्त माझे पाय कुठे आहेत ते मला कळेना.

"किती फरक होता?"

"सहा."

"सहा काय?"

"सहा अंश. पडद्यावर पंचवीस दिसायचे. नळीत एकतीस होते."

मला कागद-पेन्सिल लागली नाही. आमच्या कामात हा हिशेब बोटांवर होतो. औषधाशिवायची मापं मी दुरुस्तीच्या आधी घेतली होती, खऱ्या पंचवीसला. औषधासकटची नंतर घेतली, एकतीसला. सहा अंश ऊब मिळाली तर असलं कुठलंही झाकण जवळजवळ दुप्पट वेगाने हलेल. त्याला औषध लागत नाही. पाच वर्षं घालवून मी एवढाच शोध लावला होता, की ऊब दिली की वस्तू जास्त हलते. हे वहिनीला माहीत होतं. शेगडी पेटवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

त्याने रजिस्टरची पानं उगाच चाळली.

"हेलियम, कधी?"

"दोन महिने झाले. वर्षाची तपासणी होती, तेव्हा."

"दोन महिने."

"त्याच दिवशी तू पेपरची बातमी घेऊन आलीस. जिन्यावरून हसत येत होतीस. तुला तसं हसताना मी कधी..." त्याने रजिस्टर मिटलं. "म्हटलं, उद्या सांगू."

"साठ उद्या झाले."

"हो."

दोन महिन्यांपूर्वी माझ्या नळीतलं प्रथिन धड होतं. आता त्याचा पांढरा साका होऊन तळाशी बसला होता. नवं बनवायचं तर तीन महिने. दोन महिन्यांपूर्वी मॅग्नेट चालू होतं. आता त्याला चार दिवस उरले होते. माझ्या व्हायवाला, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, तीन आठवडे.

"दोन महिन्यांपूर्वी सांगितलं असतंस तर पुन्हा मोजता आलं असतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "कधीच सांगितलं नसतंस तर निदान जगता आलं असतं. तू नेमका मधला दिवस शोधून काढलास."

"न सांगता जाववेना."

"म्हणजे तुझं मन हलकं झालं."

त्याला ते लागलं. लागावं असंच मला वाटत होतं. बाहेर पाऊस लागून राहिला होता, तिसरा आठवडा होता त्याचा. तळघराच्या उंच खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे ओले बूट दिसत होते.

"पाचवी," तो म्हणाला, "आणखी एक सांगायचं होतं. माझं तुझ्यावर..."

"नको."

"ऐकून तरी घे."

"नको म्हटलं ना. त्याचं उत्तर सकाळपासून माझ्याजवळ तयार आहे. ते आता कुठे ठेवू तेच मला कळत नाहीये."

मी वर आले. कुणीतरी विचारलं, "काय गं, बरं नाही का?" आणि मी "ठीक" म्हणाले.

दोन दिवस मी घरी पडून राहिले. आता खोटं कशाला सांगू, गप्प बसायचा विचार मनात आला, आणि तो चांगला तासन् तास मुक्कामाला होता. मॅग्नेट उतरल्यावर कोण काय तपासणार? रजिस्टरमध्ये आकडा बरोबर दिसत होता. पेपर छापून येणार होता. त्याने तोंड उघडलं नसतं. गप्प बसण्याचा त्याला सराव होता. व्हायवा झाला असता, नावाआधी 'डॉक्टर' लागलं असतं, आईने सगळ्या नातेवाइकांना फोन केले असते. मला फक्त रोज सकाळी उठून त्या सतराशेच्या आकड्याकडे सरळ बघायचं नव्हतं, एवढंच. लोक याहून मोठ्या गोष्टींकडे न बघता आयुष्य काढतात.

बुधवारी वहिनी माझ्या खोलीत आली. बाळाच्या कपड्यांचा ढीग माझ्याच पलंगावर ओतून घड्या घालायला बसली. काही विचारलं नाही. ती विचारत नाही म्हणूनच मी विचारलं.

"वहिनी, दादाने तुझ्यापासून कधी काही लपवलंय?"

"लपवतो की. त्याला लपवता येत नाही ती गोष्ट वेगळी. तो लपवतोय हे मला कळतं, मला कळलंय हे त्याला कळतं. मग ते लपवणं राहतच नाही."

"आणि नसतंच कळलं तर? दोन महिने?"

वहिनीने हातातलं झबलं घडी न घालता मांडीवर ठेवलं. "कशाचं, ते मी विचारत नाही. पण मग मला भीती वाटली असती गं. पुढची नाही. मागची. बाकी जे जे बोलला, त्याचं काय, अशी."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. आतल्या बाळाने माझ्या कानाजवळ एक लाथ मारली, आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो. पण त्याने काही सुटलं नाही.

गुरुवारी सकाळी मी मॅडमच्या दारात उभी राहिले. मी "मॅडम, ती मापं..." एवढंच म्हणाले आणि त्यांनी हाताने मला बसायची खूण केली.

"तो तासाभरापूर्वी येऊन गेला," त्या म्हणाल्या. टेबलावर एक कागद होता, त्याच्या बारीक अक्षरातला. "लिहून दिलंय सगळं. तापमान तपासलं नाही, खोटा आकडा लिहिला, कळल्यावर दोन महिने दडवलं. चूक पूर्णपणे माझी, तिचा काही संबंध नाही, असं."

मी कागद वाचला. दोनदा वाचला.

"पिनेचं नाही लिहिलं," मी म्हणाले.

"कुठली पिन?"

त्याच्या कबुलीत पिन नव्हती. मी पट्टी ओलांडून लोखंड आत नेलं, ते काढण्यात त्याचा तपासणीचा अर्धा तास गेला, हे त्याने अलगद वगळलं होतं. त्या कागदात त्या दिवशी मी खोलीत नव्हतेच. आयुष्यातलं सगळ्यात खरं पत्र लिहायला बसला, आणि त्यातूनही त्याने माझ्यासाठी एक गोष्ट काढून घेतली. कुणी म्हणेल, केवढं प्रेम. माझ्या अंगावर काटा आला.

मी मॅडमना पिनेचं सांगितलं. त्यांनी तेही कागदाखाली लिहून घेतलं, माझी सही घेतली. मग कपाटातून पेपरची प्रत काढून समोर ठेवली. पेपर त्यांचाही होता.

"पेपर मागे घेऊ," त्या शेवटी म्हणाल्या. "थिसिसमधून शेवटचं प्रकरण काढ. रचनेचं आहे तेवढं ठेव. पास होशील."

"हालचालीचं काहीच राहणार नाही."

"नाही राहणार."

म्हणजे माझ्या प्रबंधात माझं प्रथिन आहे. त्याचं झाकण आहे, त्याचा प्रत्येक अणू कुठे आहे ते आहे. फक्त ते हलत नाही. पाच वर्षं मी ज्याच्यासाठी घालवली तेवढंच त्यात नाही.

शुक्रवारी मी तळघरात गेले. जायचं नव्हतं, पण गेले. मॅग्नेट उतरवायचं म्हणजे त्यातली वीज हळूहळू काढून घ्यायची, घाई चालत नाही. सकाळपासून तो तबकडीवरचा काटा बघत बसला होता. मी पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि काटा शून्याच्या जवळ होता. बाकीचे लोक जेवायला गेले होते.

"आलीस," तो म्हणाला.

"पिनेचं का नाही लिहिलंस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्याची काय गरज होती?"

"गरज होती का नव्हती, हे कोण ठरवणार?"

"पिन कुणाकडूनही पडते. तपासायचं काम माझं होतं. आणि..." तो थांबला. "तुला त्रास नको म्हणून."

"हो. दोन महिने गप्प बसलास, तेही त्यासाठीच."

काटा शून्यावर टेकला. काही आवाज झाला नाही, दिवा विझला नाही. इतकी वर्षं त्या खोलीत जे होतं ते गेलं, आणि पिंप नुसतं पिंप झालं.

"त्या दिवशी तू जे सांगणार होतास," मी म्हणाले, "त्याचं उत्तर द्यायला आलेय. आहे. माझंही आहे तुझ्यावर. हे मला कुणाच्या कागदावरून वगळायचं नाहीये."

त्याने डोळे मिटले. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला वाटलं, पुढचं बोलू नये. पण बोलले.

"पण तू रोज संध्याकाळी घरी येशील, मी विचारेन कसा गेला दिवस, तू 'ठीक' म्हणशील... आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून विचार करेन, यातलं खरं किती आणि माझ्यासाठी किती. तू चांगला आहेस रे. तू माझ्यासाठीच लपवशील, हेच तर आहे. वाईट असतास तर मी तुला सुधारायला निघाले असते. मला नाही जमणार."

त्याने हातमोजे काढून स्टुलावर ठेवले. एकावर एक, नीट.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

"तिकडे जाशील ना?"

"सोमवारी निघतोय. मॅडमच्या कागदाचं त्यांना कळवलंय मी. सगळं. तरी या म्हणालेत."

"पिनेसकट?"

"पिनेसकट."

मी मान हलवली. तरी मी उभीच होते. तो वायरी गुंडाळायला लागला. मी दारापर्यंत गेले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले, दुसऱ्या पायरीवर जरा जास्त थांबले. खाली वायरींचा आवाज बंद झाला होता. म्हणजे तोही ऐकत होता.

'थांब' एवढं जरी म्हणाला असता, तरी मी परत खाली गेले असते. आत्ता दिलेली सगळी कारणं विसरून गेले असते. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं.

आता तो अधूनमधून पत्र लिहितो, व्यवस्थित, सगळं काही सांगतो. शेवटी दर वेळी एकच विचारतो, की त्या शुक्रवारी काही वेगळं झालं असतं का. मी दर वेळी लिहिते, नाही.

त्याला त्रास नको म्हणून.